आधी तालमीची खोली, मग सभागृह

आपल्या मंडळात परफॉर्मिंग आर्ट्सच्या विभागाचा विषय निघाला की सगळ्यात आधी एकच शब्द ऐकू येतो: ऑडिटोरियम. किती सीटचं, एसी असेल का, पडदा बटणावर उघडेल का, बाल्कनी हवी की नको. मागण्यांची यादी करायला बसलं की पहिल्या ओळीत तेच येतं आणि बहुतेक वेळा यादी तिथेच संपते. मला वाटतं, ही यादी उलटी लिहायला हवी. नाटक, संगीत आणि नृत्य शिकवणाऱ्या विभागाला सभागृह लागतं, पण ते शेवटी लागतं. त्याआधी लागणाऱ्या चार-पाच जागा अशा आहेत की त्या नसतील तर सातशे खुर्च्यांचं सभागृह असूनही विभाग चालत नाही. आणि त्या असतील तर सभागृहाशिवायही तो छान चालतो.

एक साधा हिशेब करून बघा. समजा विभागाने वर्षभरात १२ प्रयोग केले. प्रत्येक प्रयोग ३ तासांचा धरला तर सभागृह वापरलं गेलं ३६ तास. आता त्याच १२ प्रयोगांच्या तालमी मोजा. एका प्रयोगासाठी महिनाभर, रोज ३ तास. झाले १,०८० तास. म्हणजे प्रेक्षकांसमोरच्या एका तासामागे बंद दाराआडचे तीस तास. यात रोजचा रियाज आणि वर्ग धरलेलेच नाहीत. आपण मात्र सगळा पैसा त्या एका तासाच्या जागेवर लावतो आणि तीस तासांसाठी सांगतो, 'रिकामा वर्ग बघा कुठे मिळतो का.'

उदाहरणासाठी मी माझंच गाव घेते, किरनापुर. बालाघाट जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. एका अंगाला बालाघाट, दुसऱ्या अंगाला लांजी, आणि खाली गोंदिया, म्हणजे महाराष्ट्र. शहरातल्या कॉलेजला एखादी खोली कमी पडली तर हॉल भाड्याने मिळतो. किरनापुरात असा हॉल नाही, त्यामुळे जे लागेल ते आधीच विचार करून बांधावं लागेल. म्हणून हिशेब शिकायला हे गाव बरं. शिवाय १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. झाडीपट्टीची नाटकं, दंडार, खडी गंमत ही सगळी आमच्या शेजारची, पण मराठी नाटक शिकवणाऱ्या संस्था दूर. मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून पदवीला नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि मुख्य विषयासोबत दुसऱ्या शाखेतला विषय घेण्याची सोय झाली. उद्या कुणी किरनापुरात नाट्य किंवा संगीत हा विषय सुरू करायचा म्हटलं, तर पहिला प्रश्न जागेचाच येणार.

भरतमुनींचा नकाशा

जागेचा विचार आपल्याकडे नवा नाही. नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय संपूर्ण नाट्यगृहाच्या बांधणीवर आहे. त्यात लांबट, चौरस आणि त्रिकोणी असे तीन आकार सांगितलेत आणि प्रत्येकाची मोठं, मध्यम, लहान अशी मापं दिलीत. माणसांच्या नाटकासाठी भरत शिफारस करतो ती मध्यम लांबट घराची: ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद. यापेक्षा मोठं बांधू नका, असं तो स्पष्ट सांगतो. कारणही देतो. घर मोठं झालं की आवाज अस्पष्ट होतो आणि नटाच्या चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत.

एक हात म्हणजे साधारण दीड फूट धरा. म्हणजे ९६ फूट बाय ४८ फूट. आता गंमत त्याच्या वाटणीत आहे. या लांबीचा अर्धा भाग प्रेक्षकांना. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग: पुढचा रंगमंच, मागचा नेपथ्यगृह. म्हणजे ४८ फूट प्रेक्षक, २४ फूट रंगमंच, २४ फूट नेपथ्य. संपूर्ण इमारतीचा एक चतुर्थांश भाग प्रेक्षकाला कधीच न दिसणाऱ्या कामासाठी! आपल्या आजच्या सभागृहांकडे बघा. मागे एक अरुंद पॅसेज, दोन छोट्या खोल्या, त्यातल्या एकीत जुन्या खुर्च्या. इतकंच.

दुसरी गंमत अंतराची. शेवटच्या रांगेतला प्रेक्षक रंगमंचापासून ४८ फुटांवर, म्हणजे सुमारे १५ मीटरवर बसतो. आजचे नाट्यगृह बांधणारे सांगतात की चेहऱ्यावरचे भाव वाचायचे असतील तर अंतर २० मीटरच्या आत हवं. दोन्ही हिशेब एकाच गोष्टीवरून निघालेत, माणसाच्या डोळ्यांवरून. किती लोक मावतील यावरून नाही. किरनापुरच्या विभागाला ४८ बाय ४८ फुटांचा प्रेक्षकभाग मिळाला तर खुर्च्यांवर साधारण पावणेतीनशे लोक बसतील, सतरंजीवर चारशे. तालुक्याच्या कॉलेजला याहून जास्त कशाला लागतात?

तालमीची खोली

आता जिथे खरं काम होतं तिथे येऊया. तालमीची खोली कशी असावी याचा एक नियम आहे आणि तो ऐकायला विचित्र वाटतो: ती रंगमंचापेक्षा मोठी हवी. कारण तालमीत रंगमंचाचं पूर्ण माप जमिनीवर आखून घ्यावं लागतं. त्याच्या दोन्ही बाजूंना विंगेत थांबायची जागा लागते आणि समोर दिग्दर्शकाला बसायला, मागे सरकून बघायला अंतर लागतं. ३० फुटांचा रंगमंच असेल आणि तालीम २० फुटांच्या वर्गात झाली, तर प्रयोगाच्या दिवशी सगळ्या हालचाली फसतात. चार पावलांत संपणारं वाक्य सात पावलं पुरवावं लागतं. एकांकिका केलेल्या कुणालाही विचारा.

म्हणून ४० फूट बाय ४० फुटांची, मध्ये एकही खांब नसलेली खोली ही विभागाची पहिली गरज. उंची निदान १५ फूट, कारण ८ फुटांच्या फ्लॅटसमोर दोन फुटांच्या लेव्हलवर नट उभा राहिला की वर पंखा फिरत असता कामा नये. भिंती गडद रंगाच्या, खिडक्यांना जाड पडदे. चौकोनी खोलीचा फायदा असा की खुर्च्या कुठल्याही बाजूने मांडता येतात: एका बाजूला, तीन बाजूंना, किंवा चारही बाजूंना. यालाच 'ब्लॅक बॉक्स' म्हणतात. शंभर प्रेक्षकांचा प्रयोग याच खोलीत होतो. म्हणजे तालमीची खोलीच आपलं पहिलं नाट्यगृह.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. मराठी प्रायोगिक नाटकाचं सगळ्यात गाजलेलं घर कुठलं? दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल. १९७४ पासून 'आविष्कार'ने तिथे प्रयोग सुरू केले. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे ही मंडळी त्यामागे होती, आणि पुढे त्या सगळ्या नाटकांच्या लाटेला 'छबिलदास चळवळ' हेच नाव पडलं. शाळेच्या हॉलचं नाव एका चळवळीला मिळालं, याचा अर्थ एवढाच की लोकांना नियमित, परवडणारी आणि आपली म्हणता येईल अशी जागा मिळाली. मोठं नाट्यगृह मिळालं नव्हतं.

आवाजाचं गणित

जागा मागताना आपण लांबी-रुंदी सांगतो, आवाजाबद्दल कुणी बोलत नाही. खोली बांधून झाल्यावर कळतं की पहिल्या रांगेतला नट बोलतो आणि चौथ्या रांगेत नुसता गलका ऐकू येतो.

यामागचं शास्त्र एका कॉलेजातूनच निघालं. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह बांधून तयार झालं आणि त्यात व्याख्यानच ऐकू येईना. वॉलेस सेबाइन या तरुण भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला हे काम दिलं गेलं. त्याने मोजलं तर एकदा काढलेला आवाज साडेपाच सेकंदांच्या आसपास खोलीत घुमत राहत होता. म्हणजे वक्ता पुढचं वाक्य बोलतो तेव्हा मागचं वाक्य अजून हवेतच. सेबाइन रात्री जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, खोलीत मांडायचा, ऑर्गनच्या एका नळीतून सूर काढून तो विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा आणि सकाळपर्यंत गाद्या परत नेऊन ठेवायचा. या उद्योगातून जे सूत्र निघालं ते आजही वापरतात: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा आणि खोलीतल्या वस्तू किती आवाज शोषतात त्या आकड्याने भागा. उत्तर सेकंदांत येतं.

आपली तालमीची खोली यात घालून बघू. १२ मीटर लांब, १२ मीटर रुंद, साडेचार मीटर उंच. घनफळ ६४८. भिंती, छत, फरशी मिळून पृष्ठभाग सुमारे ५०४ चौरस मीटर. प्लास्टर आणि फरशी आवाज जेमतेम तीन टक्के शोषतात, म्हणजे शोषण साधारण १५. उत्तर येतं जवळजवळ ७ सेकंद! नाटकाच्या संवादाला हवा असतो एक सेकंदाच्या आसपासचा घुमारा. तो आणायला शोषण १५ वरून १०० च्या वर न्यावं लागेल. त्यासाठी महागडे पॅनेलच लागतात असं नाही. भिंतीपासून थोडे सुटे, चुण्या घातलेले जाड पडदे, छताखाली लाकडी पट्ट्यांमागे भरलेला कापूस किंवा ग्लासवूल, पुस्तकांची उघडी कपाटं, आणि अर्थातच माणसं. माणूस हा चांगला शोषक आहे. म्हणून रिकाम्या हॉलमध्ये वाईट ऐकू येतं आणि भरल्यावर सुधारतं.

मी चर्चच्या क्वायरमध्ये गाते, त्यामुळे मला याची दुसरी बाजूही माहीत आहे. उंच छताच्या, दगडी फरशीच्या चर्चमध्ये चार आवाजांत गायलेलं भजन भरून येतं, कारण एक सूर विरण्याआधी दुसरा त्यावर येऊन बसतो. त्याच जागी वाचनाला उभं राहिलं की शब्द सावकाश सुटे करून म्हणावे लागतात, नाहीतर शेवटच्या बाकावर काही पोचत नाही. जागा तीच, कामं दोन. गाण्याला जे मानवतं ते संवादाला मारतं. म्हणून 'मल्टिपर्पज हॉल' हा शब्द ऐकला की जरा सावध व्हा. सगळ्यासाठी बांधलेला हॉल बहुतेक वेळा कशासाठीच धड नसतो. त्यातल्या त्यात सोपा उपाय म्हणजे सरकते पडदे. नाटकाला ओढून घ्यायचे, गाण्याला बाजूला सारायचे.

आतला आवाज झाला, आता एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणारा. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली ९ इंची विटांची भिंत सुमारे ५० डेसिबल अडवते. तेवढ्यात काम भागतं. पण त्या भिंतीला पोकळ फ्लशचं दार बसवलं आणि खाली बोटभर फट ठेवली की भिंतीचा खर्च पाण्यात. तबल्याची खोली आणि गायनाची खोली एकमेकींना चिकटून नसावी. मध्ये सामानाची खोली घालावी. दारं समोरासमोर येऊ देऊ नयेत. हे सगळं कागदावर फुकट होतं, बांधल्यावर मात्र लाखात जातं.

आणि किरनापुरसाठी खास एक अट: तालमीच्या खोलीवर पत्रे नकोत. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस असा बदाबदा पडतो की पत्र्याखाली शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. आणि कॉलेजचं सत्र सुरू होतं ते नेमकं त्याच दिवसांत.

पायाखालची जमीन

नृत्याच्या खोलीत सगळे आरशाबद्दल विचारतात. विचारायला हवं जमिनीबद्दल. भरतनाट्यम असो की कथक, तासाला शेकडो वेळा पाय जमिनीवर आपटतो. काँक्रीटवर बसवलेली टाइल तो धक्का जराही गिळत नाही. सगळा धक्का उलट टाचेत, नडगीत, गुडघ्यात जातो. उपाय जुना आहे: जमिनीवर रबराचे तुकडे, त्यांवर लाकडी रीपा, रीपांवर फळ्या. खाली थोडी हवा राहते, फळी किंचित दबते आणि परत येते. पायाचा नादही खुलतो. बालाघाटात सागवान परकं नाही, सुतारही आहेत. फक्त वाळवीचा बंदोबस्त आधी करावा लागेल आणि ओल वर चढू नये म्हणून खाली जाड प्लास्टिक अंथरावं लागेल.

या खोलीच्या दाराशी चपला ठेवायची मांडणी आणि पाय धुवायचा नळ असावा. क्षुल्लक वाटतं, पण एक खडा आत आला की कुणाचातरी तळवा फाटतो.

न दिसणारा चौथा हिस्सा

भरताच्या त्या नेपथ्यगृहाकडे परत येते, कारण माझ्या मते विभागाचा खरा कस तिथे लागतो. गॅदरिंगच्या दिवशी मुली कपडे कुठे बदलतात? बऱ्याच ठिकाणी एखाद्या वर्गात, खिडक्यांना ओढण्या आणि चादरी बांधून, दाराबाहेर एका मैत्रिणीला पहाऱ्याला उभं करून. बाथरूम इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे मेकअप आणि नऊवारीत मैदान ओलांडून जायचं. आम्ही हे हसत सांगतो. पण घरी आईवडील 'नाटकात काम करू नको' म्हणतात तेव्हा त्यामागे नाटक नसतं, हेच असतं. कडी लागणारं दार, आत बाथरूम, पाणी, आणि तिथून थेट विंगेत जाणारा उजेडातला रस्ता: एवढं असेल तर निम्म्या मुलींचा प्रश्न सुटतो. म्हणून मुलींची ग्रीन रूम हा 'सोयी-सुविधां'चा मुद्दा नाही. विभागात कोण येऊ शकेल हे त्यावर ठरतं.

तीच गोष्ट वेळेची. शेवटची बस किंवा वडापची गाडी सुटली की आसपासच्या गावांतली मुलं-मुली अडकतात. तालमीची खोली दिवसा दोन ते पाच मोकळी मिळाली तर ती टिकतात. फक्त संध्याकाळी सहानंतर मिळाली तर गावातली चार मुलं उरतात. त्यामुळे जागेच्या नकाशाइतकंच जागेचं वेळापत्रक महत्त्वाचं. 'परीक्षेला लागली तर खोली रिकामी करून द्यायची' ही अट आली की ती खोली विभागाची राहत नाही.

मग सामानाची खोली. नेपथ्याचं माप प्लायवुडच्या पाटावरून ठरतं, आणि पाट येतो ८ फूट बाय ४ फूट. फ्लॅट, लेव्हल सगळं त्याच पटीत. म्हणून सामानाच्या खोलीचं दार निदान ६ फूट रुंद आणि ९ फूट उंच हवं, आणि ते रंगमंचाच्याच पातळीवर उघडायला हवं. नाहीतर दर वर्षी नवं नेपथ्य बनतं, कारण जुनं दारातून आत जात नाही आणि पावसात बाहेर भिजून जातं. प्रॉपर्टी, कपडे, हार्मोनियम, तबले यांना ओल न लागणारी कुलूपबंद कपाटं.

स्टेज उंच बांधायचा मोह तर सगळ्यांनाच होतो. चढ-उतारासाठी रॅम्पचा नियम १ ला १२ आहे: एक फूट चढायचं तर १२ फूट लांबीचा उतार. ४ फुटांच्या स्टेजला ४८ फुटांचा रॅम्प लागेल. तो कुणी बांधत नाही, आणि व्हीलचेअरवरचा विद्यार्थी कायम प्रेक्षकांतच राहतो. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. कागदावर सगळं आहे. स्टेज दीड फुटाचं ठेवा, १८ फुटांचा रॅम्प काढा. त्याच रॅम्पवरून नेपथ्याची गाडीही चढते.

विजेचंही थोडक्यात. जुने हजार वॅटचे २० दिवे म्हणजे २० किलोवॅट, त्याला वेगळं कनेक्शन लागतं. तेच काम करणारे २०० वॅटचे एलईडी लावले तर ४ किलोवॅट. आणि बाहेर पडायला दोन दरवाजे, बाहेरच्या बाजूला उघडणारे, प्रयोग चालू असताना कधीही कुलूप न लावलेले. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमात ५९ माणसं गेली. तिथे आग होतीच, पण जादा खुर्च्यांनी अडवलेली वाट आणि बंद दारंही होती. या एका बाबतीत काटकसर नको.

असलेल्या जागेतून

'एवढं सगळं बांधायला पैसे कुठून?' हा प्रश्न येणारच. तर आधी आजूबाजूला बघा. किरनापुरच्या पूर्वेला, आता छत्तीसगडात असलेल्या खैरागडला इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. १९५६ साली तिथल्या राजघराण्याने आपल्या मुलीच्या, इंदिराच्या, स्मरणार्थ राजवाडाच दिला आणि त्यात संगीत-नृत्याचं विद्यापीठ सुरू झालं. नवी इमारत बांधून झाल्यावर शिकवू, असं कुणी म्हटलं नाही. आपल्याकडे राजवाडा नाही, पण बंद पडलेली जुनी शाळा, धान्याचं रिकामं गोदाम, मिशनच्या आवारातला वापरात नसलेला हॉल अशा जागा तालुक्याच्या गावात सापडतात. जाड भिंती आणि उंच छत असलेली जुनी इमारत संगीताला नव्या वर्गखोलीपेक्षा जास्त मानवते.

दुसरं उदाहरण पुणे विद्यापीठातल्या ललित कला केंद्राचं. १९८७ साली सुरू झालेल्या या केंद्रात नाटक, संगीत आणि नृत्य एकाच ठिकाणी शिकवतात. तिथल्या उघड्या मंचाचं नाव आहे 'अंगणमंच'. मला हे नाव फार आवडतं. अंगण म्हटलं की तिकीटघर, एसी, पडदा काही डोळ्यांसमोर येत नाही. भोपाळच्या भारत भवनातही, चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या आणि १९८२ मध्ये सुरू झालेल्या त्या वास्तूत, बंद नाट्यगृह 'अंतरंग' आणि तलावाच्या बाजूचं उघडं नाट्यगृह 'बहिरंग' अशी जोडी आहे. बंद आणि उघड्या जागेची जोडी: किरनापुरला हीच हवी.

कारण आमच्याकडचं नाटक मुळात उघड्यावरचंच आहे. दिवाळीनंतर धान कापून होतं, गावोगाव मंडई भरते, दंडार होते. पलीकडे गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या, म्हणजे देसाईगंजच्या, नाटक मंडळ्या निघतात आणि झाडीपट्टीत रात्रभर नाटकं चालतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. हजारो माणसं थंडीत घोंगडी पांघरून नाटक बघायला येतात. त्यांना खुर्चीच्या गादीची अपेक्षा नसते, ऐकू येण्याची आणि दिसण्याची असते. अशा मुलखात एसी ऑडिटोरियम हे पहिलं काम कसं असेल?

वर्षाचं चक्र मांडून बघितलं की नकाशा आपोआप तयार होतो. जुलै ते सप्टेंबर पाऊस: बंद खोलीत शिक्षण, रियाज, तालीम. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी: निम्मी मुलं शेतावर, म्हणून कपडेपट, नेपथ्य, छोटी कामं. डिसेंबर ते फेब्रुवारी कोरडी हवा आणि थंडी: अंगणमंचावर प्रयोग. मार्चपासून परीक्षा आणि ऊन. उघड्या मंचाला लागतं काय? मातीच्या भरावाच्या पाच-सहा पायऱ्या, पाठीमागे आवाज पुढे ढकलणारी एक भिंत, भिंतीमागे ग्रीन रूम, आणि दिशा अशी की संध्याकाळी प्रेक्षकांच्या डोळ्यांत सूर्य येणार नाही. प्रेक्षकांची तोंडं पूर्वेला किंवा उत्तरेला. कडेला दोन कडुनिंब लावले तर पाच वर्षांत दिवसाही वर्ग भरेल.

मागायचं काय

म्हणून आपण निवेदन लिहायला बसू तेव्हा क्रम असा ठेवूया. पहिली मागणी, एक मोठी, खांब नसलेली, पडदे लावलेली तालमीची खोली, आणि तिचं लेखी वेळापत्रक. दुसरी, त्याला लागून मुलामुलींच्या स्वतंत्र ग्रीन रूम, बाथरूमसकट. तिसरी, सामानाची कोरडी खोली, रुंद दाराची. चौथी, नृत्यासाठी लाकडी जमीन आणि संगीतासाठी दोन छोट्या खोल्या, एकमेकींपासून सुट्या. पाचवी, अंगणमंच. सभागृह सहावं. तोपर्यंत विभागात माणसं तयार झालेली असतील आणि सभागृह कसं हवं ते तीच सांगतील. आज आपण सांगितलं तर कुठल्यातरी बघितलेल्या हॉलची नक्कल सांगू.

या क्रमाला विरोध होईल हेही मला दिसतं. सभागृहाच्या दारावर उद्घाटनाची पाटी लागते, देणगीदाराचं नाव लागतं, फोटो येतो. तालमीच्या खोलीचं उद्घाटन कोण करणार? पण आपण साहित्याची मुलं. छापलेल्या एका कवितेमागे किती खोडलेली पानं असतात ते आपल्याला माहीत आहे, आणि वही कुणी मखरात ठेवत नाही म्हणून आपण वहीशिवाय लिहीत नाही. नाटकाची, गाण्याची, नाचाची वही म्हणजे ती ४० बाय ४० ची खोली. निवेदनाचा मसुदा पुढच्या बैठकीत ठेवायचा आहे. कुणाला क्रम बदलावासा वाटत असेल त्यांनी जरूर बदलावा, फक्त त्याआधी आपल्या कॉलेजात गेल्या वर्षी प्रयोगाचे तास किती झाले आणि तालमीचे किती, हे कागदावर मांडून आणावं.